मृत्युपत्र करावे की न्यास?

दिल्लीतील मराठी कुटुंबांत निवृत्तीच्या सुमारास विचारला जाणारा प्रश्न गेल्या काही वर्षांत बदलला आहे. पूर्वी विचारीत, "पुण्यात घर घेऊन ठेवले का?" आता विचारतात, "ट्रस्ट केला का?" बँकेतील संपत्ती-सल्लागार, विमा विकणारे, काही वकील आणि सनदी लेखापाल यांनी हा शब्द घरोघरी पोहोचवला आहे. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा, की मृत्युपत्र ही जुनी चाल झाली, ते कोणीही न्यायालयात ओढू शकतो, त्यात वर्षे जातात. न्यास केला की सारे निर्वेध. ज्यांनी आयुष्यभर एका पगारावर संसार केला आणि एक-दोन सदनिका, थोड्या ठेवी व गावाकडचा जमिनीचा तुकडा एवढीच ज्यांची मिळकत आहे, असे लोकही हे ऐकून अस्वस्थ होतात.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. नोकरदार वा निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या बहुतेक कुटुंबांना साधे, नीट लिहिलेले मृत्युपत्र पुरेसे आहे. न्यासाची खरी गरज दोन-तीन प्रसंगीच पडते; त्यांविषयी पुढे लिहितो. मृत्युपत्राविषयी लोकांना वाटणारी धास्ती मात्र खोटी नाही. पण तिचे मूळ मृत्युपत्राच्या कायद्यात फारसे नाही. ते कागद जिथे सादर करावे लागतात त्या कार्यालयांच्या कामकाजात आहे, आणि त्याचा दोष आम्हा प्रशासनातील लोकांकडे येतो.

आधी दोहोंतला फरक. मृत्युपत्र हयातीत कोणाला काहीही देत नाही. करणारा शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण मालक असतो. विकू शकतो, उधळू शकतो, मृत्युपत्र दहा वेळा बदलू शकतो. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ नुसार त्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या एवढे झाले की ते वैध. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे. खाजगी न्यासाचे तसे नाही. (महाराष्ट्रात ट्रस्ट म्हटले की धर्मादाय आयुक्त आठवतात, कौटुंबिक न्यासाशी त्यांचा संबंध नाही, त्याला १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम लागू होतो.) न्यासात मालमत्ता आजच विश्वस्ताच्या हाती जाते, त्याने ती लाभार्थ्यांसाठी सांभाळायची असते. स्थावर मिळकत असेल तर हयातीतील न्यासाला नोंदणीकृत दस्त हवाच. परत घेण्याचा अधिकार दस्तात राखून ठेवला असेल तरच तो मोडता येतो. आणि तो अधिकार राखला, तर आयकराच्या दृष्टीने उत्पन्न तुमचेच धरले जाते. तेव्हा मग मिळवले काय, हा प्रश्न उरतो.

आता दिल्लीकर मराठी माणसाच्या मिळकतीचा नकाशा पाहा. समजा, केंद्र शासनातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. द्वारकेत सहकारी संस्थेतील सदनिका, नोएडात प्राधिकरणाच्या भाडेपट्ट्यावरची दुसरी, कोथरूडला बहिणीच्या शेजारी घेतलेले घर, आणि साताऱ्याकडे वडिलोपार्जित जमिनीत चुलतभावांसह सातबाऱ्यावर नाव. मुलगा अमेरिकेत, मुलगी बंगळूरला. राजधानी क्षेत्राची गंमत अशी, की मेट्रोने अर्ध्या तासात माणूस तीन राज्यांच्या महसूल कायद्यांतून फिरून येतो. ज्या नोंदीला आपण फेरफार म्हणतो तिला हरियाणात इंतकाल म्हणतात आणि उत्तर प्रदेशात दाखिल-खारिज. शब्द बदलतात तसे नमुने, शुल्क आणि कारकुनाच्या शंकाही बदलतात.

या गृहस्थांनी एक मृत्युपत्र केले, तर चारही मिळकती एकाच कागदात येतात आणि तो कागद देशातील त्यांच्या सोयीच्या कोणत्याही दुय्यम निबंधकाकडे नोंदवता येतो. न्यास करायचा, तर प्रत्येक मिळकत विश्वस्ताच्या नावे हस्तांतरित करणे आले. त्यासाठी त्या त्या राज्याचे मुद्रांक शुल्क द्यायचे, भाडेपट्ट्याच्या सदनिकेसाठी प्राधिकरणाकडे जायचे, आणि सहकारी संस्थेने विश्वस्ताला सभासद करून घ्यायचे की नाही यावर तिच्या कार्यकारिणीच्या बैठका झडायच्या. शेतजमिनीचे तर विचारूच नका. महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याच्या नावे ती करायला कुळकायद्याच्या कलम ६३ ची आडकाठी आहे. रक्ताच्या नात्यातील बक्षीसपत्रांना अनेक राज्यांनी सवलत दिली आहे. महाराष्ट्रात राहते घर मुलांना वा पती-पत्नींनी एकमेकांना दिले तर मूळ मुद्रांक २०० रुपये, उत्तर प्रदेशात जवळच्या नात्यात ५,००० रुपये. पण ही सवलत नात्याला आहे. विश्वस्ताच्या नावे होणाऱ्या दस्ताला ती आपसूक मिळत नाही.

न्यासाच्या बाजूने दोन कारणे नेहमी सांगितली जातात. पहिले, उद्या सरकार वारसा कर पुन्हा आणील. १९५३ चा संपदा शुल्काचा कायदा होता. विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना मार्च १९८५ पासून ते शुल्क बंद झाले. चाळीस वर्षे जो कर अस्तित्वात नाही, त्याच्या भयाने आज रोख मुद्रांक शुल्क भरणे हा हिशेब मला कळलेला नाही. दुसरे कारण प्रोबेटचे. मृत्युपत्र न्यायालयातून सिद्ध करून घेण्याची सक्ती कलम २१३ ने घातली होती, पण ती सगळ्या देशाला नव्हती. हिंदूंच्या बाबतीत ती मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या शहरांच्या जुन्या न्यायकक्षेत केलेल्या मृत्युपत्रांना व तेथील स्थावर मिळकतीलाच होती. दिल्लीत केलेल्या आणि दिल्ली, नोएडा, पुणे, सातारा येथील मिळकतीच्या मृत्युपत्राला प्रोबेट कधीच सक्तीचे नव्हते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन व सुधारणा अधिनियमाद्वारे ते कलमच काढून टाकले, म्हणजे दादर-पार्ल्याच्या घरांचाही प्रश्न संपला. मुंबईतील सल्लागारांची भीती दिल्लीतील लोकांनी उसनी घेतली होती.

न्यास केला की भांडण टळते, हा समज तपासायचा तर आपल्याच इतिहासातले उदाहरण पुरेसे आहे. ताई महाराज प्रकरण मराठी वाचकाने टिळकांच्या चरित्रात वाचलेले असते. पण ते एका मृत्युपत्राचे आणि त्यातून निर्माण झालेल्या विश्वस्तपणाचे प्रकरण आहे, या बाजूने त्याकडे क्वचितच पाहिले जाते. पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित ऑगस्ट १८९७ मध्ये पटकीने आजारी पडले. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटले होते. बाबा महाराजांनी त्यांना बोलावून घेतले आणि मरणशय्येवर मृत्युपत्र केले. टिळक, दादासाहेब खापर्डे आणि आणखी काही जण व्यवस्थापक नेमले गेले. पत्नी गरोदर होती. मुलगा झाला नाही, वा होऊन जगला नाही, तर व्यवस्थापकांच्या संमतीने दत्तक घ्यावा आणि तो सज्ञान होईपर्यंत इस्टेट त्यांनी सांभाळावी, अशी तरतूद होती. मुलगा झाला, तो काही आठवड्यांतच गेला. १९०१ च्या जूनमध्ये औरंगाबादेस जगन्नाथ या मुलाचे दत्तविधान झाले. पुढे ताई महाराजांचे मन फिरले, त्यांनी दुसरा मुलगा दत्तक घेतला आणि व्यवस्थापकांचे प्रोबेट रद्द करावे म्हणून पुण्याचे जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांच्याकडे अर्ज केला.

त्यापुढे जे झाले ते विश्वस्त होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने वाचावे. प्रोबेट रद्द झाले. ज्या टिळकांना त्या इस्टेटीतून एक पैही घ्यायची नव्हती, त्यांच्यावर खोट्या साक्षीचा फौजदारी खटला झाला आणि ऑगस्ट १९०३ मध्ये दीड वर्षाची सक्तमजुरी ठोठावण्यात आली. अपिलात ती सहा महिन्यांवर आली. मार्च १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. दत्तकाचा दिवाणी दावा मात्र चालूच राहिला. टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना उच्च न्यायालयात निकाल विरुद्ध गेला, आणि अखेर मार्च १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथाचे दत्तविधान कायम केले. मृत्युपत्रापासून या निकालापर्यंत जवळजवळ १८ वर्षे गेली.

या प्रकरणात मृत्युपत्रही होते आणि विश्वस्तही होते. कागदाचा प्रकार कोणताही असता, तरी भांडण झालेच असते, कारण मूळ अडचण तीन गोष्टींची होती. दस्त अखेरच्या घटकांत झाला. लाभार्थी आणि व्यवस्थापक यांचे हितसंबंध व स्वभाव जुळले नाहीत. आणि घरच्या बाईला, जिच्या आयुष्याची ही व्यवस्था होती, निर्णयात पुरेसे स्थान नव्हते. आजही कौटुंबिक वाद चिघळतात ते याच कारणांनी. त्यातून हेही दिसते, की विश्वस्ताचे काम किती कठीण असते. १८८२ च्या कायद्याने एकदा जबाबदारी स्वीकारली की विश्वस्ताला ती सहजासहजी टाकता येत नाही, दुसऱ्यावर सोपवता येत नाही, सहविश्वस्तांनी मिळूनच निर्णय घ्यावे लागतात, आणि तिच्यातून नफा कमवायचा नसतो. न्यास विकणारा सल्लागार दस्ताचा मसुदा देतो. असा माणूस देऊ शकत नाही. मग बहुतेक वेळा थोरला मुलगाच विश्वस्त होतो, आणि धाकट्याच्या मनात जी शंका मृत्युपत्रावरून आली असती ती न्यासावरून येते. दरवर्षी येते, कारण न्यासाचे हिशेब दरवर्षी असतात.

मृत्युपत्रांना आव्हान दिले जाते, हे खरेच. त्याविषयीचा आजही आधारभूत मानला जाणारा निकाल एका मराठी न्यायमूर्तींचा आहे. साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी वेंकटाचल अय्यंगार प्रकरणात, १९५८ च्या अखेरीस, सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने मृत्युपत्र कसे तपासावे हे सांगितले. इतर दस्त करणारा साक्षीला येऊ शकतो. मृत्युपत्र करणारा येऊ शकत नाही. म्हणून जो मृत्युपत्र पुढे आणतो त्याने संशयाच्या जागा दूर केल्या पाहिजेत, आणि मोठा लाभ मिळणाऱ्याने ते करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल तर तीच संशयाची मोठी जागा. हे समजून घेतले, तर काय टाळावे ते आपोआप कळते. लाभ मिळणाऱ्या मुलाच्या गाडीतून निबंधकाकडे जाऊ नये. साक्षीदार त्याचे मित्र नसावेत. एखाद्या अपत्याला कमी दिले असेल तर का दिले, हे दोन ओळींत मृत्युपत्रातच लिहावे. त्या दोन ओळी लिहिण्याचा संकोच पुढे फार महाग पडतो.

साक्षीदारांबाबत दिल्लीकरांची एक खास अडचण आहे. आपण आपल्याच वयाचे, कार्यालयातले किंवा महाराष्ट्र मंडळातले स्नेही साक्षीला घेतो. मृत्युपत्र उघडेपर्यंत एक निवर्तलेला असतो आणि दुसरा नाशिकला परतलेला असतो. वाद झाल्यास साक्षीदार हयात असेल तर किमान एकाला तरी न्यायालयात उभे करावे लागते. १८७२ च्या पुरावा कायद्यातला हा नियम जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. म्हणून साक्षीदार आपल्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान निवडावेत आणि त्यांतला निदान एक त्याच शहरात राहणारा असावा.

भाषेचे विचाराल, तर मृत्युपत्र मराठीत लिहिता येते आणि ज्याचा विचार मराठीत चालतो त्याने ते तसेच लिहावे असे मला वाटते. आजोळची जमीन, आईचे स्त्रीधन, देव्हाऱ्यातले चांदीचे टाक यांना इंग्रजी मसुद्यात धड शब्द सापडत नाहीत. फक्त नोंदणी दिल्लीत करायची असेल, तर १९०८ च्या नोंदणी अधिनियमाचे कलम १९ ध्यानात ठेवावे: निबंधकाला न समजणाऱ्या आणि त्या जिल्ह्यात सर्रास न वापरल्या जाणाऱ्या भाषेतील दस्तासोबत स्थानिक वापरातील भाषेतले खरे भाषांतर आणि खरी प्रत जोडावी लागते. ती जोडली नाही तर तो दस्त नाकारू शकतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

आता खिडकीकडे वळतो, कारण खरे दुखणे तेथे आहे. नोंदवलेले मृत्युपत्र घेऊन विधवा पत्नी वा मुलगी गृहनिर्माण संस्थेत, प्राधिकरणात, पालिकेत जाते, तेव्हा अनेकदा तिच्याकडून सर्व कायदेशीर वारसांचे ना-हरकत पत्र मागितले जाते. ही मागणी वरकरणी सावधपणाची दिसते. पण जरा विचार केला, तर ती मृत्युपत्राचा हेतूच मोडून काढते. सर्व वारस राजी असते तर मृत्युपत्राची गरज कोणाला होती? ज्याला मृताने जाणूनबुजून वगळले, त्याच्याच सहीवाचून काम अडवून ठेवणे म्हणजे त्याच्या हाती नकाराधिकार देणे. मग तो त्या सहीची किंमत मागतो. मृत्युपत्रांविषयीचा अविश्वास न्यायालयांपेक्षा या कागदाने अधिक वाढवला आहे, असे माझे ठाम मत आहे.

अधिकारी असे का वागतात, हे आत राहून पाहिल्यामुळे मला समजते. फाइलवर "नोंद का केली" असा शेरा येऊ शकतो. "का नाही केली" असे कोणी विचारीत नाही. नोंद केली आणि उद्या वाद उभा राहिला तर चौकशी. अडवून ठेवली तर अर्जदार फार तर हेलपाटे घालतो. वास्तविक महसुली वा पालिकेची नोंद मालकी ठरवीत नाही, ती करवसुलीच्या सोयीसाठी असते, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. महाराष्ट्राच्या जमीन महसूल संहितेत यासाठी पुरेशी सुटसुटीत पद्धत आहे. कळवणी आली की तलाठ्याने फेरफार नोंदवहीत नोंद घ्यायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकत आली तर ती तक्रारी नोंदवहीत घेऊन वरिष्ठाने निर्णय द्यायचा, न आली तर नोंद प्रमाणित करायची. ज्याला मृत्युपत्रच खोटे वाटते त्याला दिवाणी न्यायालय मोकळे आहे. नोटीस देणे आणि संमती मागणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शहरी संस्था आणि प्राधिकरणांनी एवढा एक फरक आपल्या परिपत्रकात लिहिला, तरी निम्मे हेलपाटे थांबतील.

याच खिडकीवर आणखी एक गैरसमज भेटतो. "नॉमिनी आहे ना, मग मृत्युपत्र कशाला?" नामनिर्देशित व्यक्ती ही पैसे वा भाग स्वीकारणारी असते, मालक नव्हे. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्येच सांगितले होते. कंपन्यांच्या भागांबाबत २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालाने उलटा अर्थ लावला आणि काही वर्षे गोंधळ माजला. त्याच न्यायालयाने पुढे २०१६ मध्ये तो दुरुस्त केला. त्यावर अखेरची मोहोर उमटली ती १४ डिसेंबर २०२३ रोजी, 'कालनिर्णय'कार जयंतराव साळगावकर यांच्या संपत्तीविषयीच्या प्रकरणात. भाग आणि म्युच्युअल फंडांचा नॉमिनी उत्तराधिकार कायद्याला बाजूला सारू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. तेव्हा नॉमिनी आणि मृत्युपत्रातील लाभार्थी एकच ठेवणे हा साधा शहाणपणा. निवृत्तिवेतनधारकांनी हेही लक्षात ठेवावे, की कुटुंब निवृत्तिवेतन ही संपत्तीच नव्हे. ते नियमांनी ठरलेल्या व्यक्तीलाच मिळते. १९९१ च्या निकालानुसार मृत्युपत्राने ते दुसऱ्याला देता येत नाही.

तर न्यास कोणी करावा? ज्यांच्या घरी बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता वा मेंदूचा पक्षाघात असलेले अपत्य आहे, त्यांनी जरूर करावा. मृत्युपत्राने अशा मुलाला सदनिका दिली, तर तो कागदोपत्री मालक होतो. ती सांभाळणार कोण हा प्रश्न तसाच राहतो. भावाला "त्याचा सांभाळ करावा" अशी विनंती लिहून ठेवली, तर कायद्याने ती बहुधा विनंतीच राहते. येथे विश्वस्त हवा, हिशेब हवा, विश्वस्तानंतरचा विश्वस्तही हवा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने अशा सज्ञान मुलांसाठी पालक नेमण्याचे अधिकार जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीला दिले आहेत. तिच्यात जिल्हाधिकारी असतात. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. ही तरतूद फार थोड्या आईबापांना माहीत आहे. आपल्या हयातीतच पालकत्वाचा अर्ज करून ठेवावा आणि पैशासाठी न्यास करावा. तो न्यास मृत्युपत्रातूनही निर्माण करता येतो. आज हस्तांतर नको, मुद्रांक नको, आणि अवलंबून असलेल्या नातलगासाठी मृत्युपत्राने केलेल्या एकमेव न्यासाला आयकरातही कमाल दराऐवजी सामान्य दर लागतो. सरकारी नोकरांच्या अपंग, कमावू न शकणाऱ्या मुलांना आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन मिळते; परंतु मुलाचे इतर उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे गेले तर पात्रतेचा प्रश्न उद्भवतो. म्हणून त्याच्या नावे व्याजाच्या मोठ्या ठेवी करण्याआधी हा हिशेब करून घ्यावा.

दुसरा प्रसंग स्वतःच्या म्हातारपणाचा. मृत्युपत्र मृत्यूनंतर बोलू लागते; स्मृतिभ्रंश झालेल्या, पण जिवंत असलेल्या माणसासाठी ते मुके आहे. मुखत्यारपत्र करून ठेवले आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, परंतु करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मन ठिकाणावर राहिले नाही की ते संपुष्टात येते. म्हणजे नेमके हवे असते तेव्हाच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांसाठी प्रतिनिधी नेमण्याची सोय केली, पण १९८७ च्या जुन्या कायद्यातली मालमत्तेच्या व्यवस्थापनाची प्रकरणे त्यात आली नाहीत. मग बँकेतून रुग्णालयाचे बिल भागवण्यासाठी पत्नीला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. दिल्लीत अशी कितीतरी वृद्ध जोडपी आहेत, ज्यांची मुले सातासमुद्रापलीकडे आहेत. त्यांनी हातातल्या ठेवींपुरता, उलटवता येण्याजोगा छोटा न्यास केला, तर मी त्यांना वेड्यात काढणार नाही. घर त्यात घालू नये, एवढेच सांगेन.

तिसरी गोष्ट न्यासाची नाही, मृत्युपत्राचीच आहे, आणि ती स्त्रियांसाठी. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ चे कलम १५ असे आहे, की निपुत्रिक विधवा मृत्युपत्र न करता वारली तर तिने स्वतः कमावलेली मिळकतही आधी पतीच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात सासरने टाकलेल्या बाईच्या स्वकमाईबाबत हेच घडले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करण्याचे आवाहन केले. नोएडा-गुरुग्राममध्ये स्वतःच्या पगारावर घर घेणाऱ्या मराठी मुली आता पुष्कळ आहेत. त्यांच्या आया मात्र अजून "मुलीच्या जातीने असले अभद्र कशाला लिहायचे" म्हणतात. लिहायला दोन पाने आणि दोन साक्षीदार लागतात.

राहिला प्रश्न कागद सांभाळण्याचा. कपाटातले मृत्युपत्र सापडत नाही, किंवा ज्याला सापडू नये त्याला आधी सापडते. नोंदणी अधिनियमाच्या कलम ४२ खाली कोणालाही आपले मृत्युपत्र मोहरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते. आत काय आहे ते निबंधकालाही कळत नाही, हवे तेव्हा परत घेता येते, आणि मृत्यूनंतर अर्ज आल्यावर ते उघडले जाते. १९०८ पासून ही सोय आहे. पण निबंधक कार्यालयाच्या फलकावर तिचा उल्लेख मी क्वचितच पाहिला. तिच्यातली मोठी उणीव अशी, की पाकीट ठेवणारा वारला हे निबंधकाला कोणी कळवल्याशिवाय कळत नाही, आणि पाकीट ठेवले आहे हे मुलांना ठाऊक नसेल तर ते तेथेच पडून राहते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये सुधारणा होऊन मृत्यूंच्या नोंदींचा राष्ट्रीय संच तयार करण्याची तरतूद झाली आहे. निबंधकाच्या पाकिटांची सूची, त्यातला मजकूर नव्हे, फक्त ठेवणाऱ्याचे नाव, जन्मतारीख आणि कार्यालय, या संचाशी जोडली, तर मृत्यूची नोंद होताच संबंधित जिल्ह्याला सूचना जाईल आणि निबंधक वारसांना पत्र पाठवू शकेल. मग द्वारकेत वारलेल्या माणसाचे साताऱ्यात ठेवलेले पाकीटही सापडेल. यासाठी बहुधा नवा कायदा लागणार नाही. नोंदणी महानिरीक्षक आणि मृत्यू नोंदणीचे मुख्य निबंधक या दोन कार्यालयांनी एकत्र बसून नमुना ठरवायचा आहे. महाराष्ट्रात दस्तनोंदणीचे संगणकीकरण फार पूर्वी झाले असल्याने सुरुवात पुण्याच्या नोंदणी महानिरीक्षक कार्यालयाला करता येईल.